बार्बाडोस हुबळीच्या पुढं नाही: आमच्या शाळेचं ऑलिंपिक

१ जुलै २०२४, सोमवार. शनिवारी रात्री भारतानं बार्बाडोसला टी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकलेला, त्यामुळे प्रार्थनेच्या रांगेतसुद्धा पोरांच्या तोंडी सूर्यकुमारचा सीमारेषेवरचा झेल. हजेरी घेताना चौथीतल्या एकानं विचारलं, "बाई, बार्बाडोस कुठं आलं? हुबळीच्या पुढं?"

वर्ग हसला नाही. ते मला जास्त लागलं, कारण हसायला निदान कुणाला तरी उत्तर माहीत असावं लागतं.

आमची शाळा बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीजवळ. मराठी माध्यमाची सरकारी प्राथमिक शाळा, पहिली ते पाचवी, ३१ मुलं, हेडमास्तर धरून दोन शिक्षक. इथल्या मुलांना हद्द कळते ती एसटीच्या रंगावरून. महाराष्ट्राची गाडी आली की पलीकडचे पाहुणे आले, एवढं. त्याच्या पुढचं जग टीव्हीत. २६ जुलैला पॅरिसमध्ये ऑलिंपिक सुरू होणार होतं. ते संपेपर्यंत रोज एक तास आणि शनिवारची सकाळ त्यालाच द्यायची, असं मी त्याच दिवशी ठरवलं. भूगोल, गणित, भाषा सगळं त्यातूनच. ठरवणं सोपं होतं. पुढचे तीन आठवडे कागदात गेले, ते आधी सांगते, कारण बरेच जण तिथंच सोडून देतात.

हेडमास्तर म्हणाले, "करा की बाई, पण लेखी परवानगी पाहिजे. मुलांना गेटाबाहेर रस्त्यावर नेणार म्हणता, उद्या काही झालं तर?" बरोबर होतं त्यांचं. ५ जुलैला एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीची, बैठक झाली, साहित्यासाठी ७०० रुपयांचा ठराव झाला. बैठकीत एक पालक म्हणाले, "पोरं खेळूलालेत तर पाढे कधी म्हणणार?" मी म्हटलं, महिनाभर थांबा, वही दाखवते. दुसऱ्या दिवशी कन्नडमध्ये अर्ज लिहून सीआरपी सरांच्या, म्हणजे आसपासच्या शाळा बघणाऱ्या सरांच्या, हातून शिक्षण खात्याच्या कचेरीत पाठवून दिला.

बारा दिवस काही नाही. १७ जुलैला आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी आले होते, सुट्टी. १८ला मी स्वतः कचेरीत गेले. फायलीत शोधाशोध झाली आणि माझा अर्ज निघाला माध्यान्ह आहाराच्या टेबलावर. तिथले क्लार्क चष्मा वर करून म्हणाले, "बाई, हे आंतरराष्ट्रीय जेवण म्हणजे नेमकं काय करणार तुम्ही? खर्च कोण देणार?"

कन्नडमध्ये खेळाला 'आट' आणि जेवणाला 'ऊट'. अर्ज मी मोबाइलवर टाइप केला होता. रोज 'बिसियूट'चे, म्हणजे माध्यान्ह आहाराचे, आकडे भरून भरून माझ्या फोनला ऊट हाच शब्द पाठ. विषयाच्या ओळीतच 'आट'चं 'ऊट' झालेलं, मी न बघता प्रिंट काढली आणि हेडमास्तरांनी न वाचता सही केली. कचेरीतल्या बिचाऱ्यांनी विषय वाचून योग्य त्याच टेबलावर ठेवला होता. तिथंच बाकावर बसून हातानं नवा अर्ज लिहिला, पोच घेतली. २२ला परवानगी आली. दुसरी भाषा तुमची रोजची नसेल तर अर्ज आधी ती भाषा घरात बोलणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. आणि पोच पहिल्या दिवशीच घ्या. मी घेतली असती तर कुठल्या टेबलाचा शिक्का आहे ते तेव्हाच दिसलं असतं.

त्या बारा दिवसांत एक काम झालं, नकाशाचं. बेळगावात खडेबाजारात, गणपत गल्लीत फिरले. जगाचा नकाशा कन्नडमध्ये होता, इंग्रजीत होता, मराठीत मोठा कुठंच मिळाला नाही. शेवटी बहिणीनं कोल्हापुरातून २२० रुपयांना घेऊन पाठवला.

२३ जुलैला चिठ्ठ्या टाकल्या. आधी "कुणाला कुठला देश पाहिजे" असं विचारून बघितलं तर ३१ जणांना भारत. म्हणून भारत वगळला. मोठे देश, छोटे देश, पाची खंडांतले, मिसळून ३१ चिठ्ठ्या. ज्याला जो देश निघेल त्यानं तो नकाशात शोधायचा, झेंडा हातानं काढायचा आणि रोज त्या देशाचं काय झालं ते मला विचारायचं. रंगीत झेंड्यांच्या प्रिंट काढायचा मोह झाला होता, पण एका पानाचे दहा रुपये ऐकून गेला. बरंच झालं. हातानं काढताना दुसरीतल्या पोरानं जपानचा झेंडा अर्ध्या मिनिटात संपवला आणि ब्राझीलवाल्याकडं बघत बसला.

तिसरीतल्या एका मुलीला सेंट लुसिया निघाला. ती चिठ्ठी मी मुद्दाम टाकली होती, कारण वर्ल्डकपमध्ये २४ जूनला भारत-ऑस्ट्रेलिया सामना तिथंच झाला होता, रोहितनं ९२ मारले होते. पण तिला ते काय? शेजारणीला अमेरिका आली होती, हातभर. हिला सापडेचना. मीही शोधला. आमच्या नकाशावर नुसता ठिपका, नाव छापलेलंच नव्हतं. तिचे डोळे भरले. "बाई, माझा देश नाहीच की." पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं, त्यातली लाल टिकली काढून वेस्ट इंडीजच्या बेटांमध्ये लावली. म्हटलं, बेळगाव शहरात जेवढी माणसं राहतात, त्याच्या निम्मीसुद्धा या देशात नाहीत. त्यानं तिचं समाधान झालं नाही, उलट वाढलं दुःख. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही.

मग पावसानं दोन दिवस शाळा बंद. उद्घाटनाच्या रात्री पॅरिसमध्येही धो धो पाऊस होता. आमच्याकडं टीव्ही नाही, स्मार्ट क्लास नाही. घरी वायफायवर तुकडे डाउनलोड करून ठेवायचे आणि शाळेत आठ-आठ जणांना फोनवर दाखवायचे, असं महिनाभर चाललं. सीन नदीतून होड्यांत भिजत येणारे खेळाडू बघून पोरं खूश. "आपल्यागत भिजूलालेत!" शाळेत रेंज एका चिंचेखालीच येते, त्यामुळे आदल्या रात्री डाउनलोड केल्याशिवाय इलाज नव्हता.

ऑलिंपिकच्या वर्तुळांचं सांगायला हवं. पंक्चरवाल्याकडून सायकलचे पाच जुने टायर आणले, फुकट. रंगाचे छोटे डबे मात्र ४१० रुपयांना पडले. रंगवताना मी वर्षानुवर्षं सांगत आले तेच सांगितलं: निळा युरोपचा, काळा आफ्रिकेचा वगैरे. रात्री सहज वाचत बसले तर तसं नाहीच. आधुनिक ऑलिंपिक सुरू करणारे पिअर द कुबेर्तँ यांनी १९१३ मध्ये हे चिन्ह काढलं. पाच वर्तुळं म्हणजे पाच खंड हे खरं, पण कुठलाही एक रंग कुठल्या एका खंडाचा नाही. पाच रंग आणि मागचा पांढरा मिळून त्या वेळच्या सगळ्या देशांचे झेंडे रंगवता येत होते, म्हणून ते रंग. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, काल बाई चुकल्या. पहिलीतली एक म्हणाली, "मग शाळेच्या भिंतीवर पण चुकलंय." भिंतीवरचं ते चित्र मीच काढून घेतलं होतं. अजून तसंच आहे, रंग उरला नाही.

वेळेचा धडा सगळ्यात सोपा गेला. एक चेंडू, एक बॅटरी, अंधारी खोली. त्या दिवसांत पॅरिसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, म्हणजे आमची शाळा साडेचारला सुटते तेव्हा तिथं दुपारचा एक. पुठ्ठ्याची दोन घड्याळं भिंतीला लावली, तासातासाला एकजण दोन्ही काटे फिरवायचा. वजाबाकी आपोआप झाली.

१ ऑगस्टला जेवणाच्या सुट्टीत चिंचेखाली फोन उघडला तर स्वप्नील कुसाळेचं ब्रॉंझ. पन्नास मीटर रायफल, तीन पोझिशन. गाव कांबळवाडी, तालुका राधानगरी. पाचवीतल्या मुलीच्या आईचं माहेर राधानगरी तालुक्यातलं. ती जी उठली, "आमच्या मामाच्या तिथला!" म्हणत, तिला संध्याकाळपर्यंत खाली बसवता आलं नाही. तीन पोझिशन म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. काठी घेऊन सगळ्यांनी करून बघितलं. उभं राहून काठीचं टोक एका मिनिटासाठी स्थिर धरा म्हटलं, एकालाही जमलं नाही. मलाही नाही.

आणि मग ५ ऑगस्ट. शनिवारी रात्री पॅरिसमध्ये महिलांची शंभर मीटरची फायनल झाली होती, आपल्याकडं रविवार उजाडायच्या आत. सेंट लुसियाची ज्युलियन आल्फ्रेड पहिली. १०.७२ सेकंद. त्या देशाचं आजवरचं पहिलं ऑलिंपिक पदक, आणि तेच सोन्याचं. मी काही बोलले नाही, फोन त्या मुलीच्या हातात दिला. तिनं एकदा बघितलं, परत बघितलं. मग उठून नकाशापाशी गेली आणि टिकलीवर बोट ठेवून उभी राहिली. अमेरिकावाली म्हणाली, "आमची दुसरी आली." ते खरंच होतं. "हां, दुसरी," ही म्हणाली. त्या दिवसापासून हिची मान सरळ.

पुरुषांच्या शंभर मीटरनं मात्र माझी पंचाईत केली. पहिला आणि दुसरा, दोघांचेही ९.७९. फरक एका सेकंदाच्या हजार भागांपैकी पाच भाग. माझ्या फोनमधलं स्टॉपवॉच शंभर भागांपर्यंतच दाखवतं. टाळ्या वाजवून बघितल्या, बटण दाबून बघितलं, काही उपयोग नाही. शेवटी फोटो फिनिशचं चित्र दाखवलं आणि छाती रेषेला लागली की धरतात, पाय नव्हे, एवढं सांगून सोडून दिलं. सगळंच वर्गात दाखवता येत नाही.

अंतराचं तसं नाही. अंतर दाखवता येतं, आणि मला वाटतं सगळ्या महिन्यातलं खरं शिकणं तिथंच झालं. लांब उडीचा विश्वविक्रम माइक पॉवेलचा, ८.९५ मीटर, १९९१ पासून. फळ्यावर लिहिला तर कुणाला काही नाही. गवंड्याकडून तीस मीटरचा टेप मागून आणला आणि खोलीच्या मागच्या भिंतीपासून धरला. खोली सहा मीटरलाच संपली. पोरं गप्प. मग व्हरांड्यात आलो. पहिलीच्या दारापासून टेप सोडला तो स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्याजवळ थांबला, तिथं खडूची रेघ ओढली. "एका उडीत?" "एका उडीत." त्यावर शाळेतला सगळ्यात चपळ पोरगा धावत येऊन उडाला. २ मीटर ९०. तो रेघेकडं बघत राहिला. मग प्रत्येकानं आपली उडी मोजून वहीत लिहिली आणि ८.९५ मधून वजा केली. दशांश अपूर्णांक मी फळ्यावर शिकवलाच नाही. टेप दोन दिवसांनी गवंड्याला परत द्यावा लागला, म्हणून ३५० रुपयांना नवा घेतला. सगळ्या खर्चात हा एकच मी कुणालाही करायला सांगेन.

७ ऑगस्टला विनेश फोगाटला बाद केलं. आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकलेली, फायनलला पोचलेली बाई, पन्नास किलोला शंभर ग्रॅम जास्त. कुस्ती आमच्या भागात घरचीच, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पोरं रागातच आली. शंभर ग्रॅम म्हणजे किती, हे बघायला वाण्याच्या दुकानात गेलो, तीन-तीनच्या गटानं. काट्यावर अंगाचा साबण ठेवला: कागदासकट थोडा वर. दोन मुठी पोहे. एकीनं वेणीच्या दोन्ही रिबिनी सोडून ठेवल्या, काटा ९ वर. विनेशचे केससुद्धा कापले होते, हे मी सांगितल्यावर ती रिबिनी हातात घेऊन बराच वेळ उभी होती. मग व्हरांड्यात दोन बाजू केल्या, नियम बरोबर आणि नियम चूक. चौथीतला एक आधी 'चूक'कडं होता, मग म्हणाला, "पण मग एकशे एकला काय करायचं?" आणि पलीकडं गेला. निकाल मी दिला नाही.

९ ऑगस्टला नागपंचमी, निम्मी पोरं झोपाळ्यांवर. नीरजचा भाला म्हणून शनिवारी, १०ला मोजला. भाले आधीच केले होते, वर्तमानपत्राच्या गुंडाळीचे. पहिल्याच दिवशी त्यातला एक स्वयंपाकाच्या अक्कांच्या पाठीत बसला, तेव्हापासून टोकाला चिंधी. शाळेच्या गेटापासून मारुतीच्या देवळाकडच्या रस्त्यावर टेप टाकत गेलो. तीस, साठ, मग ८९.४५ ला नीरजचा झेंडा. पुढं ९२.९७ ला पाकिस्तानच्या अर्शद नदीमचा. तो ऑलिंपिक विक्रम. हा झेंडा कोण रोवणार यावर थोडी कुजबुज झाली. पाकिस्तानची चिठ्ठी ज्याला आली होती तो तोंड बारीक करून पुढं आला, रोवला, आणि मागं वळून नीरजच्या झेंड्यापर्यंत पावलं मोजली. सात. टेपनं ३.५२ मीटर. देवळापाशी बसलेले आजोबा हे सगळं बघत होते. त्यांना वाटलं रस्ता रुंद करायला मापं घेतायत.

त्याच आठवड्यात घरच्या माणसांची गोष्ट सांगितली, म्हणजे बेळगावच्या. फडेप्पा चौगुले १९२० मध्ये अँटवर्प ऑलिंपिकला मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. त्या वर्षीचं अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे बेळगावहून धावत खानापूर गाठायचं आणि निम्म्याहून जास्त वाट माघारी यायचं. हॉकीतले बंडू पाटील बेळगावचे, १९६४ ला टोकियोत सुवर्ण जिंकलेल्या संघातले. आणि तुरमुरीची मलप्रभा जाधव, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळाचं ब्रॉंझ. तुरमुरी आमच्या रोजच्या वाटेवरची. मला स्वतःला चौगुल्यांचं नाव चाळिशी गाठेपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि मी बेळगावातच शिकले. हा धडा मी सुरुवातीलाच घ्यायला हवा होता. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करणार.

१७ ऑगस्ट, तिसरा शनिवार, आमचा दप्तराविना 'संभ्रम शनिवार'. त्या दिवशी आमचं ऑलिंपिक. संचलनात ग्रीस पहिला, यजमान शेवटी, हा खरा नियम पाळला. मधले बहुतेक देश पॅरिसमध्ये फ्रेंच वर्णक्रमानं आले, आम्ही मराठी वर्णमालेनं लावले. त्या रांगा लावण्यात पूर्ण तास गेला, कारण 'ऑस्ट्रेलिया' आधी की 'इटली' यावर भांडण. ग्रीसच्या मागं निर्वासितांचा संघ. "हे कुठल्या देशाचे?" म्हणून विचारलं तेव्हा मी शब्द शोधत होते, तोवर पाचवीतली म्हणाली, "२०१९ च्या पुरात लोक शाळांत राहायला आलेत नव्हे, तसे. पण परत जाता न येणारे." मी पुढं काही बोलले नाही. शेवटी भारत, म्हणजे अंगणवाडीची सहा पोरं, त्यातली दोन रडत.

स्पर्धा चिखलात झाल्या. पदकं करवंटीच्या तुकड्यांची, एकाला हळद, एकाला चंदेरी कागद, एकाला काव. घुंगरू भरलेला चेंडू डोळ्यांवर पट्टी बांधून अडवायचा खेळही ठेवला होता, पॅरालिंपिकमधल्या गोलबॉलसारखा. आवाज ऐकू यावा म्हणून बघणाऱ्यांनी गप्प बसायचं असतं. ३१ मुलं एकदम गप्प बसलेली मी नोकरीत पहिल्यांदा बघितली. अक्का आतून धावत आल्या, काय झालं म्हणून.

हिशोब: नकाशा २२०, टेप ३५०, रंग ४१०, कार्डशीट १४०, दोरी ९०, झेरॉक्स ९६. एकूण १३०६. ठरावाचे ७०० मिळाले, त्यासाठी प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल लागलं. रंगाच्या दुकानातून कच्ची पावती आणली होती, ती बदलायला परत बेळगावला खेप, बसभाडं वेगळं. ते ७०० सप्टेंबरच्या शेवटी हातात आले. ६०६ माझे. करवंट्या घराघरांतून.

पाढ्यांचं विचारणाऱ्या पालकांना महिन्यानं वही दाखवली. त्यांनी मुलाच्या उडीचं पान काढलं, २ मीटर १५, वजाबाकी ६.८०. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्येला जरा खायाला घालायला पाहिजे."

व्हरांड्यातली ८.९५ ची रेघ पाऊस येईल तशी पुसते आणि पोरं परत ओढतात. रोज मधल्या सुट्टीत कुणी ना कुणी तिथं उडत असतं. मागच्या आठवड्यात सहज टेप लावून बघितला. ८.७० भरलं. पंचवीस सेंटिमीटर कुणी अलीकडं घेतलेत, ते मी अजून विचारलेलं नाही.